कणमास्तरांचा अनंत

कणमास्तर शिकवता शिकवता हातातला खडू सोडून द्यायचे. फेकायचे नाहीत, चुकून निसटायचाही नाही. हात आडवा धरायचे, बोटं उघडायचे आणि खडू जमिनीवर पडेपर्यंत त्याच्याकडे असे बघायचे, जणू आज तो वेगळं काहीतरी करील. खडू मोडायचा. मास्तर वाकून तुकडे उचलायचे आणि मुलांना म्हणायचे, "किती वेळात पडला ते मी सांगू शकतो. का पडला, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही." शाळेच्या कारकुनाला यातलं एवढंच कळायचं, की सायन्सच्या वर्गाला बाकीच्या वर्गांपेक्षा खडू जास्त लागतात.

मी भोरच्या हायस्कुलात मराठी आणि संस्कृत शिकवायला रुजू झालो तेव्हा युद्ध नुकतंच सुरू झालं होतं. नीरा नदीच्या बाजूला एका लांबट चाळवजा घरात मला खोली मिळाली. भिंतीपलीकडच्या दोन खोल्यांत मास्तर आणि वहिनी राहत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला गणित कितपत येतं?"

"बाजारहाटापुरतं," मी म्हणालो.

"मग बरं झालं. थोडंबहुत येणाऱ्याला वाटतं, आपल्याला कळलं. तुमचं तसं व्हायचं नाही. तुम्ही नुसतं ऐका."

त्या दिवसापासून मी ऐकत राहिलो. ते मला 'पंडित' म्हणू लागले. मुलं त्यांना 'कणमास्तर' म्हणत ते पाठीमागे, पण त्यांना ते माहीत होतं आणि बहुधा आवडतही होतं.

त्यांचा कण मला जसा कळला तसा सांगतो. एकदा आम्ही बाजारातून जात होतो. दुकानदार उंचावरून पोत्यात जोंधळे ओतत होता. मास्तर मला हाताला धरून रस्त्याच्या पलीकडे घेऊन गेले. "हितनं बघा. पाण्यासारखी धार दिसते की नाही? जवळ गेलं की दाणे. उजेडाचंही तसंच निघालं. लोक इतकी वर्षं धार म्हणत होते आणि निघाले दाणे. आता माझं म्हणणं एवढंच, की ही जी पृथ्वीची ओढ आहे, ती तरी सलग धार कशावरून? तिचाही सगळ्यांत बारीक दाणा असेल."

"असेल की," मी म्हणालो.

"असेल की म्हणून भागत नाही, पंडित. तो मांडून दाखवायला लागतो."

अडचण मांडण्यातच होती. ते म्हणायचे, भौतिकशास्त्राची दोन पुस्तकं आहेत. एक ग्रहताऱ्यांचं, एक अणूंचं. दोन्ही खरी आहेत, पण दोन्ही एका पाटावर बसवली की भांडायला उठतात. गुरुत्वाकर्षणाचा कण मानून हिशेब मांडायला घेतला, की काही पायऱ्यांनंतर उत्तर अनंत यायचं. अनंत आलं म्हणजे हिशेब फुकट गेला. सकाळी नळावर भेट झाली की मी विचारायचो, "काय मास्तर?" आणि ते तांब्या घासत म्हणायचे, "पुन्हा अनंत." हे इतक्यांदा झालं की आमच्या हेडमास्तरांच्या कानावर गेलं. त्यांनी एक दिवस मास्तरांना बोलावून काळजीनं विचारलं, "हे अनंतराव कोण? वरचेवर येतात म्हणे तुमच्याकडे. त्यांचा काही त्रास आहे का?" मास्तर म्हणाले, "आहे, पण घरचाच आहे."

वहिनी मास्तरांच्याच भागातल्या, पाली गावच्या. राजगडाच्या पायथ्याशी त्यांचं माहेर, आणि त्याच्या वरच्या अंगाला, धनगरवाड्यावर, मास्तरांचं घर. शाळा शिकलेल्या नव्हत्या, पण नवऱ्याला काहीतरी जडलंय आणि ते दारूसारखं नाही, हे त्यांनी ताडलं होतं. मला एकदा म्हणाल्या, "त्या कनाबद्दल माजी काय तक्रार न्हाई भावजी. दिसत न्हाई, पर जेवायलाबी मागत न्हाई."

धनगरवाड्यावरचा मुलगा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर मॅट्रिक झाला, पुण्यात कॉलेजात गेला, मुंबईला एम.एस्सी. झाला, दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत वर्षभर राहूनही आला. शिष्यवृत्ती संपली तसा परतला आणि मास्तर झाला. त्या संस्थेतले प्राध्यापक त्यांना विसरले नव्हते. "जागा निघाली की बोलावीन," असं ते म्हणाले होते, आणि त्या वाक्यावर मास्तर आला दिवस काढत होते.

एका दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्याबरोबर वाड्यावर गेलो. मार्गासनीपर्यंत मोटार, पुढे पायी. भाताची कापणी चालली होती. वर पोचलो तेव्हा मास्तरांचे वडील, आबा, घरामागच्या उंबरावर होते. कमरेला कोयता, डोक्याला लाल मुंडासं, साठी ओलांडलेला काटक माणूस. ते फांद्या छाटून खाली टाकत होते आणि शेरडं त्या पाल्यावर तुटून पडत होती. आबा एका फांदीवरून दुसरीवर असे गेले की मी डोळे मिटून घेतले. मास्तर हसले. "भिऊ नका. ते जमिनीवरच जास्त अडखळतात."

आबा खाली उतरले, माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्ये पावनं कोन?"

"पंडित. माझ्या शेजारी राहतात. संस्कृत शिकवतात."

"आन तू?"

"तुमाला ठावं हाय की आबा."

"ठावं हाय. पर तू सांगितलंस का बरं वाटतं," आबा म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले.

त्यानंतरच्या वर्षी, शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील, प्राध्यापकांकडून बोलावणं आलं. दोन वर्षांची जागा होती. मास्तरांचा आवडता प्रश्न आणि त्यासाठी हवी ती पुस्तकं, हवी ती माणसं. हेडमास्तरांनी रजा मंजूर केली. वहिनींनी वाड्यावर जाऊन सासूसासऱ्यांचा निरोप घेतला. पुण्याहून नवी ट्रंक आली, तिच्यावर मास्तरांचं नाव मी पांढऱ्या रंगानं लिहिलं, कारण त्यांचं अक्षर भयंकर होतं. ते दिवस मला आठवतात. मास्तर नळावर काही गुणगुणत होते, आणि अनंताचं नावही काढत नव्हते.

निघायला आठवडा राहिला असेल. मी मॅट्रिकच्या वर्गावर होतो आणि मास्तर शेजारच्या वर्गावर. वाड्यावरचा एक गडी चिखलानं माखलेला, धापा टाकत व्हरांड्यात आला आणि मास्तरांच्या दाराशी उभा राहिला. तो मोठ्यानं बोलला नाही, पण दोन्ही वर्गांत ऐकू आलं. "आबा उंबरावनं पडलं."

आबांना झोळीत घालून मार्गासनीपर्यंत आणलं, तिथून बैलगाडीनं भोरला. रस्त्यात पाऊस होता. दवाखान्यात डॉक्टरांनी पायांच्या बोटांना टाचणी टोचून पाहिली. आबा म्हणाले, "टोचा की." डॉक्टरांनी टोचलेलं होतं. बाहेर येऊन त्यांनी मास्तरांना सांगितलं, की मणका गेला आहे, जीव वाचेल, कमरेखालचं आता परत यायचं नाही. मास्तरांनी दोनदा विचारलं, "काहीच करता यायचं नाही?" डॉक्टर दोन्ही वेळा नाही म्हणाले. ते भले गृहस्थ होते. दुसऱ्या वेळी त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

मास्तर गेले नाहीत. त्यांनी प्राध्यापकांना कळवलं, की काही महिन्यांत येतो. प्राध्यापकांनी वर्षभर जागा अडवून धरली आणि मग नाइलाजानं दुसऱ्याला दिली. त्यात कुणाची चूक नव्हती. आई म्हातारी, धाकटा भाऊ शेरडांमागे रानात, आणि वाड्यापर्यंत डॉक्टर पोचायचा नाही. आबांना भोरला ठेवण्यावाचून इलाज नव्हता. मास्तरांच्या बाहेरच्या खोलीत खाट घातली. तिच्यावरून शेजारच्या घराची कुडाची भिंत दिसायची, दुसरं काही नाही. ज्या माणसानं सगळा जन्म डोंगर बघितला तो ती भिंत बघत पडून राहिला.

मास्तर आणि वहिनी त्यांना धुवायचे, पुसायचे, ठरल्या वेळी कुशीवर वळवायचे. वळवायला उशीर झाला की पाठीला जखमा व्हायच्या. रविवारी दुपारी मास्तर हिशेबाला बसायचे, पण वळवायची वेळ झाली की मध्येच उठायचे, आणि परत येऊन बसले की आपण कुठं होतो ते त्यांना सापडायचं नाही. मी एकदा म्हणालो, "मी वळवतो, तुम्ही उठू नका." ते म्हणाले, "त्यांना तुमची लाज वाटते, पंडित." मग मी काय करणार? मी जाऊन आबांपाशी बसायचो आणि त्यांना शेरडांच्या गोष्टी विचारायचो. ते सांगायचे.

असाच एकदा उंबऱ्यावर बसलो होतो. आबांनी मास्तरांना हाक मारली.

"म्हादू, तू साळंत काय शिकिवतोस त्ये पंडित मला सांगत व्हते. वस्तू खाली का पडती, त्ये शिकिवतोस म्हनं."

"व्हय."

"मंग मला सांग. म्या का पडलो?"

मास्तर खाटेशी येऊन उभे राहिले.

"फांदी वली व्हती, पाय घसारला, त्ये मला ठावं हाय. त्याच्या म्होरलं इचारतोय. हात सुटला. मंग खालीच का आलो?"

"जमीन वडती, आबा."

"कशानं वडती? दोर न्हाई, हात न्हाई."

"त्येच शोधतोय."

"आजून गावलं न्हाई?"

"न्हाई."

"गावलं म्हंजी सांग," आबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण त्यानंतर चारआठ दिवस गेले की ते विचारायचे, "गावलं का रं?" आणि मास्तर शाळेतून आलेले तसे, कोटही न काढता म्हणायचे, "न्हाई आबा." मला वाटायचं, म्हातारा पोराशी बोलायला काहीतरी निमित्त काढतो. मास्तरांनाही तसंच वाटत होतं.

अशी तीनेक वर्षं गेली. मग एका संध्याकाळी मास्तर मला नदीवर घेऊन गेले आणि घाटाच्या पायरीवर बसून म्हणाले, "पंडित, या खेपेला अनंत आलं नाही."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"सगळा प्रश्न सुटला नाही. तो मला सुटायचा नाही. म्हणून मी नुसता एक कोपरा धरला. म्हटलं, कण आहे असं समजू. मग तो सापडायला काय लागेल? ते काढलं." त्यांनी पायरीवरचा एक खडा पाण्यात टाकला. "सबंध पृथ्वीचं एक यंत्र केलं आणि जन्मभर वाट बघत बसलं, तरी एक हाती लागायचा नाही. ही ओढ फार दुबळी आहे."

"दुबळी? डोंगर धरून ठेवते ती."

"पृथ्वी केवढी आहे, म्हणून. एवढ्याशा लोहचुंबकानं टाचणी उचलली, की त्या टाचणीपुरती सबंध पृथ्वी हरते. बघा करून."

"म्हणजे तो कण नाही, असं सिद्ध झालं?"

"तसं झालं असतं तर मी आज निवांत झोपलो असतो. असेल. असला तरी कळणार न्हाई, नसला तरी कळणार न्हाई. आणि हा हिशेब तरी बरोबर आहे का, हे कुणाला विचारू? तुम्हाला?"

त्यांनी ते लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. पण मला तेव्हा पहिल्यांदा आपल्याला गणित येत नाही याचं खरोखर वाईट वाटलं.

त्या हिवाळ्यात दक्षिणेतले ते प्राध्यापक पुण्यातल्या एका कॉलेजात व्याख्यानाला येणार असल्याचं कळलं. आबांपाशी वहिनी आणि धाकटा भाऊ राहिले आणि मी मास्तरांबरोबर गेलो. युद्धामुळे पेट्रोल नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. कात्रजच्या चढाला मोटार दमली आणि आम्हा सगळ्यांना उतरून तिच्यामागून चालावं लागलं. मास्तर कागदांची सुरळी कोटाच्या आत छातीशी धरून चालत होते. एक म्हातारी त्यांना म्हणाली, "बाबा, दुखतंय का काय छातीत?"

प्राध्यापक कॉलेजच्या एका खोलीत आम्हाला भेटले. वय झालेलं, कानांनी कमी ऐकू येणारं, फार सौजन्यानं वागणारं माणूस. त्यांनी मास्तरांना आधी वडिलांबद्दल विचारलं, मग कागद वाचायला घेतले. चहा आला, थंड झाला. शेवटचं पान वाचून त्यांनी सगळे कागद नीट जुळवले. ते इंग्रजीत बोलत होते, पण सावकाश, त्यामुळे मला कळलं. "मला यात चूक दिसत नाही," ते म्हणाले. "पण माझ्या दिसण्यावर जाऊ नकोस. हा माझा विषय नव्हे. ज्यांचा आहे ते युरोपात होते. आता कोण कुठं आहे, कोण जिवंत आहे, मला माहीत नाही. युद्ध संपू दे." मग त्यांनी चष्मा काढला. "तू तेव्हा यायला हवा होतास."

"हो," मास्तर म्हणाले.

परतीच्या मोटारीत ते खिडकीशी बसले होते. खेड शिवापूर मागे पडलं. मग म्हणाले, "चूक निघाली असती तर बरं झालं असतं. चूक दुरुस्त तरी करता येते."

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. आबा जागे होते. पुण्याला काहीतरी मोठं काम आहे, एवढं त्यांना ठाऊक होतं. मास्तर आत जायच्या आधीच त्यांनी विचारलं, "गावलं का रं?"

मास्तर खाटेच्या कडेला बसले. इतकी वर्षं 'न्हाई' एवढंच म्हणायचे, त्या दिवशी म्हणाले, "आबा, त्ये मला गावायचं न्हाई. कुनालाच गावायचं न्हाई."

आबांनी मान त्यांच्याकडे वळवली. "कदीच?"

"कदीच."

"मला वाटलं व्हतं," आबा म्हणाले. "मला वाटलं व्हतं, कशानं पाडलं त्ये तुला एकदा गावलं, का त्ये उलटं फिरवायचं बी तुला कळंल. म्हनून म्या वाट बगत व्हतो."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मास्तरांनी आबांचे पाय हातात घेतले. आबांना ते कळत नव्हतं. मास्तर ते पाय दाबत राहिले, आणि मी तिथून उठून माझ्या खोलीत गेलो, कारण तिथं माझं काहीच काम नव्हतं.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आबांचा आवाज आला. "मंग मला वाड्यावर न्हे, म्हादू. हितं कशापायी ऱ्हायचं आता?"

वाड्यावर नेलं. होळीच्या सुमाराला मी जाऊन आलो. मास्तर रजा काढून तिथंच होते. सकाळी ते आबांना पाठीवर घेऊन घराबाहेर आणायचे आणि माळावर, राजगड समोर दिसेल असे, घोंगडी पसरून टेकवून बसवायचे. ऊन चढलं की परत आत. आबांच्या अंगावर काही राहिलं नव्हतं. मला बघून त्यांनी विचारलं, "पंडित, संस्कुरतात काय हाय का ह्याच्यावर?" मी म्हणालो, "मला तरी सापडलं नाही, आबा." ते मान हलवून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." पावसाळ्याच्या तोंडावर ते गेले.

मास्तर शाळेत परत आले. चांगलं शिकवायचे, आधीपेक्षाही चांगलं शिकवायचे असं मुलं म्हणत. नळावर मी विचारायचो, "काय मास्तर?" तर पाण्याबद्दल, उन्हाबद्दल काहीतरी बोलायचे. युद्ध संपलं. ते प्राध्यापक निवृत्त होऊन आपल्या गावी गेल्याचं आणि तिथंच वारल्याचं समजलं. आता मास्तरांना कुठंही जाता आलं असतं, फक्त जायला ठिकाण उरलं नव्हतं.

संस्थान विलीन झालं त्या सुमारास माझी बदली नाशिककडे झाली. मास्तर स्टँडवर पोचवायला आले. वहिनींनी वाटेत खायला भाकरी आणि लसणीची चटणी बांधून दिली होती. मोटार सुटायला वेळ होता. मी धीर करून विचारलं, "तो हिशेब अजून आहे ना?"

"आहे."

"कुणाला दाखवणार?"

"तिकडं कुणी भेटलं तर विचारा," ते म्हणाले. "कागद नकोत. नुसतं विचारा, की एकटा कण कधी पकडता येईल का."

मी विचारलं नाही असं नाही. नाशिकला कॉलेजातल्या दोघातिघांना विचारलं. एक म्हणाला, हे अभ्यासक्रमात नाही. एकानं माझी चेष्टा केली. काही वर्षांनी मास्तर हिवतापानं गेल्याचं एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं. वाड्यावरच गेले.

खूप नंतर, मी निवृत्त झाल्यावर, एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी पदार्थविज्ञानाचा एक तरुण प्राध्यापक बसला होता. सवयीनं मी त्यालाही विचारलं. त्यानं जिलेबी बाजूला ठेवली आणि नवलानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, गुरुत्वाकर्षणाचा कण असावा असं बऱ्याच जणांना वाटतं, पण अजून कुणाला तो सापडलेला नाही. आणि एकेकटा पकडणं तर जवळजवळ अशक्यच, असं मोठमोठ्या लोकांचे हिशेब सांगतात. पृथ्वीएवढं यंत्र असलं तरी जन्मभरात एक मिळायचा नाही.

मी ऐकत राहिलो. वाढपी माझ्यापुढे येऊन थांबला, पुढे गेला.

"आजोबा, तुमचं कुणी होतं का या विषयात?" त्यानं विचारलं.

"शेजारी होते," मी म्हणालो.